न मागितलेली दुआ

नाशकात बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशींनी माझ्या पिशवीत सात कैऱ्या टाकल्या आणि पैसे घेतले नाहीत. मी शंभराची नोट पुढे केली तर त्यांनी माझी मूठ आपल्या हाताने मिटवली. हात ओला होता, त्याला कोथिंबिरीवर शिंपडलेल्या पाण्याचा वास येत होता. "नातीची पेटी सुटली, ताई. घरी आणलं तिला. तुमचा दुवा लागला बघा." समोर गोदावरीच्या पात्रावरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं, गाडगे महाराज पुलाकडे रिक्षांचे हॉर्न चालले होते, शेजारचा कांदेवाला सकाळपासून ओरडून घसा बसवून घेतलेला, आणि त्या गलक्यात मी "अल्हम्दुलिल्लाह, फार छान झालं मावशी" म्हणाले, हसले आणि पुढे सरकले. लिंबांच्या ढिगापाशी पोचले तेव्हा पाय थांबले. मी दुआ मागितलीच नव्हती.

रमजानचा दुसरा आठवडा असेल तेव्हाचा. मी पुदिना घ्यायला वाकले होते आणि मावशी नेहमीसारखं बोलत नव्हत्या. जुडीला सुतळी बांधता बांधता म्हणाल्या, सुनेचे दिवस पुरे भरले नव्हते, पोरगी सव्वा किलोची झालीय, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय, आत हात घालायलासुद्धा विचारावं लागतं. मग एकदम माझ्याकडे बघून, "तुमचे रोजे चालू आहेत ना ताई? उपाशी माणसाचं देव ऐकतो. माझ्या नातीसाठी दुवा मागा." मी लगेच हो म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "नक्की मागते मावशी." त्या वेळी मी खोटं बोलत नव्हते, ही गोष्ट मला आजही त्रास देते. म्हणताना मनापासूनच म्हटलं होतं. पूल ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मात्र शाळेतल्या उत्तरपत्रिका, घरी भिजत घातलेले चणे आणि संध्याकाळचे पाहुणे डोक्यात शिरले आणि ती सव्वा किलोची पोरगी तिच्या पेटीसकट बाहेर राहिली.

रोजेदाराची इफ्तारच्या वेळची दुआ परत फिरवली जात नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मावशींनी सांगितल्यानंतरही त्या महिन्यातल्या अशा पंधरा-वीस संध्याकाळी माझ्या हातात होत्या. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानआधीची ती दोन मिनिटं ज्यांनी अनुभवली आहेत त्यांना सांगायला नको. दस्तरखान अंथरलेला, खजूर बोटांत धरलेला, कलिंगडाच्या फोडींना पाणी सुटलेलं, पोरं घड्याळाकडे बघतायत, सगळ्यांचे हात उचललेले आणि घरात कधी नसते तेवढी शांतता. त्या शांततेत मी काय मागितलं? मुलाची बारावी, नवऱ्याचा रक्तदाब, माझी बदली होऊ नये हे. रमजानच्या सत्ताविसाव्या, मोठ्या रात्री तर मी चक्क यादी केली होती. किराण्याच्या बिलाच्या पाठीमागे नावं लिहिली, कुणी राहू नये म्हणून. नणंद होती त्यात, नणंदेची जाऊ होती, शाळेतल्या दोन सहकारी होत्या, सौदीला असलेला मावसभाऊ होता. ते बिल मी परवा शोधून काढलं. कुराण ठेवायच्या लाकडी रिहलखाली घडी घालून ठेवलेलं होतं. एकवीस नावं. मावशी नाहीत. असत्या तरी काय लिहिणार होते? सहा-सात वर्षं त्यांच्याकडून भाजी घेते आणि मला त्यांचं नाव माहीत नाही.

कैऱ्या मी टोपलीत ठेवल्या. चार दिवस झाले तरी चिरल्या नाहीत.

मराठीत 'दुवा' पुल्लिंगी आहे. तो लागतो, तो मिळतो, तो घ्यावा असं म्हातारी माणसं सांगतात. गोरगरिबांचा दुवा घे, म्हणतात. आमच्या घरात 'दुआ' स्त्रीलिंगी. ती मागतात. शब्द एकच, पण एकीकडे तो माणसाकडून माणसाकडे येतो आणि दुसरीकडे ती माणसाकडून वर जाते. अरबीत या शब्दाच्या मुळाशी हाक मारणं आहे. मागणं त्यानंतर येतं, आधी नुसती हाक. मावशींनी मराठीतला दुवा मागितला होता आणि मी अरबीतल्या दुआचं वचन दिलं होतं. दोन्हींतलं एकही माझ्याकडून झालं नाही. मराठीत दुवा म्हणजे जोडणारी कडीसुद्धा. हे शब्द कुठून कुठे आले ते भाषेच्या जाणकारांनी बघावं, पण मला त्या चार दिवसांत हा तिसरा अर्थच जास्त टोचत होता.

'दुआ में याद रखना' हे आमच्यात निरोपाचं वाक्य झालंय. फोन ठेवताना म्हणतात, लग्नाच्या मांडवातून निघताना म्हणतात, व्हॉट्सॲपवर दोन तळहातांचं चित्र टाकलं की झालं. मीही टाकते. दिवसाला चार-पाच वेळा तरी. कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाच्या पोराचा इंटरव्ह्यू, हातांचं चित्र, आमीन, आमीन, आमीन. हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणींच्या, ग्रंथांत एक प्रसंग येतो. हजरत उमर मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघाले होते, त्यांनी परवानगी मागितली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना म्हणाले, भावा, तुझ्या दुआत आम्हाला विसरू नकोस. ज्यांच्यासाठी सगळी उम्मत, म्हणजे सगळे मुसलमान, सलामतीची दुआ म्हणून दरूद पढतात ते आपल्या सोबत्याला सांगतायत, मला विसरू नकोस. आणि उमर म्हणायचे, या एका वाक्याच्या बदल्यात मला सगळी दुनिया मिळाली असती तरी तेवढा आनंद झाला नसता. त्यांना ते वाक्य जड वाटलं होतं. मावशींनाही ते जडच होतं, म्हणून तर सुतळी बांधताना बोटं थांबली होती. हलकं ते माझ्याच हातात झालं.

माझी अम्मी निफाड तालुक्यातल्या खेड्यातली. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. कुराण ती सुंदर पढायची, पण अर्थ कळत नसे. नमाज अर्थातच अरबीत, तिचे शब्द ठरलेले, रकात ठरलेल्या. पण सलाम फेरून नमाज संपली, की ती ओढणी नीट करायची, हात उचलायची आणि मराठीत सुरू व्हायची. जुन्या नाशकात आमचं दोन खोल्यांचं घर, मी शेजारीच गृहपाठ करत बसलेली. मला सगळं ऐकू यायचं. "या अल्लाह, ह्यांच्या टेम्पोचा मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. पुढच्या महिन्यापर्यंत निभावून ने. शेजारच्या काकूंची म्हैस दोन दिवस खात नाहीये, तिला बरं कर. दादाच्या द्राक्षांना यंदा भाव दे. गॅस आठ दिवस पुरू दे. ह्या पोरीला गणित येऊ दे." तळहात अगदी चेहऱ्याजवळ धरलेले, त्यांतल्या भेगांत हळद बसलेली. मधूनच थांबायची, काही राहिलं का ते आठवायची, जशी दुकानातून निघताना पिशवीत डोकावून बघतात तशी. आणि मग परत, "हां, आणि ती दूधवाल्याची बायको."

मला तेव्हा फार लाज वाटायची. मी मदरशात जात होते, तिथे मौलवीसाहेबांनी झोपण्याची दुआ, जेवणाची दुआ, आरशात बघण्याची दुआ, घरातून बाहेर पडण्याची दुआ, अशा कितीतरी पाठ करून घेतलेल्या. त्या शब्दांना एक चाल होती, वजन होतं. आणि इथे अम्मी अल्लाहला टायरचं सांगतेय. एकदा धीर करून मी मौलवीसाहेबांना विचारलं, अशी दुआ चालते का. ते कडक होते, पाढे चुकले की छडी ठरलेली. त्यांनी विचारलं, कोण मागतं अशी? मी म्हटलं, अम्मी. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी समोर ठेवलेल्या चपलांच्या रांगेकडे बोट केलं आणि हदीस सांगितली. तुमच्यापैकी प्रत्येकाने आपली प्रत्येक गरज आपल्या रबकडेच, पालनकर्त्याकडेच, मागावी, अगदी चपलेचा पट्टा तुटला तर तोही. "घरी जाऊन अम्मीला सांग," ते म्हणाले, "टायर चपलेपेक्षा मोठा आहे." मी सांगितलं नाही. मला वाटलं, तिला सांगण्याची गरज नाहीये, तिला माहीतच आहे.

त्या पाठ केलेल्या दुआंची किंमत मला आज कमी वाटत नाही. माणूस जेव्हा आतून रिकामा होतो तेव्हा स्वतःचे शब्द सापडत नाहीत, आणि तेव्हा हजार-चौदाशे वर्षं लोकांच्या ओठांवरून आलेले शब्द हाताला धरतात. कुराणात ज्या दुआ आहेत त्यांतली मला सगळ्यात जवळची प्रेषित मूसा अलैहिस्सलाम यांची. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, जीव वाचवून पळालेला माणूस, मदयनच्या विहिरीवर पोचतो. पायाखाली परकी जमीन, ओळखीचं कुणी नाही. तिथे दोन मुली आपली जनावरं घेऊन बाजूला थांबलेल्या, गर्दीतले गडी हटेपर्यंत त्यांना पाणी मिळणार नाही. तो त्यांच्या जनावरांना पाणी पाजतो, सावलीत जाऊन बसतो आणि म्हणतो, माझ्या रब, तू जे काही भलं माझ्याकडे उतरवशील त्याचा मी गरजवंत आहे. बस, एवढंच. भाकरी म्हणत नाही, काम म्हणत नाही, छप्पर म्हणत नाही. पुढच्याच आयतीत, पुढच्याच ओळीत, त्यांतली एक मुलगी लाजत चालत येते आणि सांगते, माझे वडील तुम्हाला बोलावतायत. सकाळी शाळेत जाताना चौकात कामाची वाट बघत उभे असलेले मजूर दिसतात, डबा हातात, नजर येणाऱ्या प्रत्येक गाडीवर, तेव्हा ती सावली मला आठवते. प्रेषित अय्यूब अलैहिस्सलाम तर त्याहून कमी बोलतात. मला त्रासाने गाठलंय आणि तू सगळ्या दयाळूंहून दयाळू आहेस. यात मागणं कुठेच नाही. नुसतं सांगणं आहे.

अम्मीला या गोष्टी माहीत होत्या, पण ती त्या वाटेने जायची नाही. ती नाव घेऊन, वस्तू घेऊन, तारीख घेऊन मागायची. मला वाटतं दोन्ही खरं आहे. काहींचं दुःख एका ओळीत मावतं आणि काहींना म्हशीपासून सुरुवात करावी लागते.

अब्बांच्या किडन्या गेल्या तेव्हा मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दोन वर्षं. अम्मी बाहेरच्या बाकावर तसबीहची माळ घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन. त्या दोन वर्षांत आमच्या घरात जेवढी दुआ झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. तहज्जुदला, मध्यरात्रीनंतरच्या नमाजला, उठून मी सजद्यात डोकं ठेवून रडले आहे. सजद्यात बंदा आपल्या रबच्या सगळ्यात जवळ असतो, तेव्हा जास्त मागा, असं सांगितलंय ना, म्हणून तिथेच जास्त मागायचे. जायनमाजचा, नमाजच्या सतरंजीचा, तेवढा भाग सकाळीही दमट लागायचा. अब्बा एका गुरुवारी पहाटे गेले.

भेटायला आलेली माणसं सांगत होती की कुठलीच दुआ वाया जात नाही. एक तर ती इथेच मिळते, नाहीतर तिच्याएवढं एखादं संकट टळतं, नाहीतर ती आखिरतसाठी, मरणानंतरच्या आयुष्यासाठी, जपून ठेवली जाते. हदीस आहे ती, खरी आहे, आज मला तिचा आधार वाटतो. पण त्या दिवशी मयतीच्या घरात, अब्बांची औषधांची पिशवी अजून खुंटीला लटकलेली असताना, हे ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. कुणाला खरोखर समजवायचं असेल तर आधी चार दिवस गप्प बसावं, असं माझं मत तेव्हा झालं आणि ते आजही तसंच आहे. मी हात उचलणं सोडलं. नमाज पढत होते, सलाम फेरायचे आणि उठायचे. आणखी एक हदीस मला पाठ होती. बंद्याची दुआ कबूल होते, जोवर तो घाई करत नाही तोवर. घाई म्हणजे काय? तर 'मी मागितलं, मला मिळालं नाही' असं म्हणून मागणं सोडून देणं. ती माझ्याबद्दलच होती, हे मला कळत होतं, आणि तरीही हात वर जात नव्हते.

अम्मी मात्र तिसऱ्या दिवशी इशानंतर, रात्रीच्या नमाजनंतर, परत हात उचलून बसली. तीच यादी. टायर तेवढा यादीतून गळला होता, टेम्पो विकायला काढला होता. मी चिडून म्हटलं, "अजून काय मागतेस अम्मी? जे मागितलं ते दिलं का?" तिने हात खाली घेतले नाहीत. माझ्याकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, खरंच प्रश्न पडल्यासारखं म्हणाली, "मग मी बोलू कुणाशी?"

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत राहिले.

कुराणात लोक प्रेषितांना खूप काही विचारतात. चंद्राच्या कलांबद्दल, दारू-जुगाराबद्दल, अनाथांबद्दल. अशा ठिकाणी बहुतेक वेळा उत्तर येतं ते 'सांग' या शब्दाने. म्हणजे, हे प्रेषिता, तू त्यांना सांग. पण रोज्यांच्या आयतींच्या मधोमध, सूरह बकरात, एक आयत आहे जिथे हा 'सांग' नाही. माझे बंदे तुला माझ्याबद्दल विचारतील, तर मी जवळच आहे. हाक मारणारा जेव्हा हाक मारतो तेव्हा मी त्याच्या हाकेला ओ देतो. मधला निरोप्याच काढून टाकलाय. हे मला एका बयानात, धर्मावरच्या भाषणात, ऐकायला मिळालं तेव्हा अम्मीचा प्रश्न आठवला. पिंजार घाटावरच्या बडी दर्ग्यात गुरुवारी सगळ्या जातीधर्माच्या बाया लेकरं घेऊन येतात. अम्मीही जायची. फातेहा पढायची, पण मागायची ती घरी आल्यावर, जायनमाजवर. कुणी विचारलं तर म्हणायची, ते बुजुर्ग आहेत, त्यांना सलाम, पण घरातलं बोलणं घरातल्याशीच.

पावसाचं तिचं मागणं वेगळं असायचं. नाशिकमध्ये पाऊस मागताना माणसाला जपून मागावं लागतं. मामांच्या द्राक्षांना फेब्रुवारी-मार्चमध्ये एक गारांचा सडा पडला की वर्ष गेलं, आणि जुलैत आभाळ कोरडं राहिलं तर गंगापूर धरणाकडे सगळं शहर डोळे लावून बसतं. अशाच एका कोरड्या साली त्र्यंबक रस्त्यावरच्या शाहजहानी ईदगाहवर इस्तिस्काची, पाऊस मागण्याची, नमाज झाली, माझा भाऊ गेला होता. त्याने येऊन सांगितलं, इमामसाहेबांनी अंगावरची चादर उलटी करून पांघरली आणि दुआत तळहात आभाळाकडे करण्याऐवजी जमिनीकडे केले. हालत उलटी होऊ दे, असं अंगावरच्या कापडानेसुद्धा म्हणायचं. मला ते फार आवडलं होतं.

आणि 2 ऑगस्ट 2016. गोदावरीला पूर आला होता, दुतोंड्या मारुती पाण्यात गेला होता, सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. आमचं घर उंचावर होतं, पण रात्रभर पाण्याचा तो घुमणारा आवाज येत होता. अम्मी खिडकीत उभी राहून हात उचलून बोलत होती, "या अल्लाह, नको म्हणत नाही मी. तुझा पाऊस आहे. पण इथे नको, डोंगरावर पाड, रानात पाड, जिथे झाडं आहेत तिथे पाड." कितीतरी दिवसांनी मी बुखारीच्या संग्रहातली ती हदीस नीट वाचली. जुम्याच्या, शुक्रवारच्या, खुतब्यात म्हणजे प्रवचनात एक माणूस उठून म्हणतो, जनावरं मरतायत, पावसाची दुआ करा. दुआ होते, आठवडाभर पाऊस थांबत नाही. पुढच्या जुम्याला परत एक माणूस उठतो, आता घरं पडतायत, थांबवा. आणि प्रेषित (स.) 'थांबव' म्हणत नाहीत. म्हणतात, हवालैना वला अलैना. आमच्या आजूबाजूला, आमच्यावर नको. टेकड्यांवर, दऱ्यांत, झाडं उगवतात तिथे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. अम्मीने ती हदीस वाचली असण्याची शक्यता नव्हती. जो खरंच मागतो त्याला बहुतेक देणाऱ्याची अदब आपोआप कळते.

अम्मी जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्या मयतीला जी माणसं आली त्यांतल्या कितीतरी जणांना मी ओळखत नव्हते. एक रिक्षावाला आला, म्हणाला, "माझ्या पोराला नोकरी नव्हती, तेव्हा चाची रोज विचारायच्या, लागली का? मी मागतेय हां." दूधवाल्याची बायको आली, ती तर दाराशीच बसून राहिली. ती बाई कधी कुणाला 'नक्की मागते' असं छातीवर हात ठेवून म्हणाली नाही. ती नुसती मागत होती, आणि मग मधूनच विचारत होती, झालं का. जो माणूस समोर नसलेल्या भावासाठी दुआ मागतो, त्याच्याजवळ नेमलेला फरिश्ता म्हणतो, आमीन, आणि तुलाही तसंच मिळो. म्हणजे अम्मीच्या त्या दोन खोल्यांत रोज रात्री कुणीतरी तिच्यासाठी आमीन म्हणत होतं. तिची जायनमाज माझ्याकडे आहे. गुडघ्यांच्या जागी दोन आणि कपाळाच्या जागी एक, असे तीन ठिकाणी तिचे लोकरी धागे झिजून खालचं सूत दिसतं.

रविवारी रात्री मी तीन-साडेतीनला उठले. रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा, जेव्हा अल्लाहकडून विचारलं जातं, कोण आहे मला हाक मारणारा, की मी त्याला ओ द्यावी. दूधबाजाराकडे कॅन उतरवल्याचे आवाज येत होते, एक कुत्रं थांबून थांबून भुंकत होतं. अम्मीच्या जायनमाजवर बसले. माफी मागितली. मग मावशींच्या नातीसाठी हात उचलले आणि तोंडातून शब्द फुटेना. आता काय मागू? ती तर घरी आली. माझ्या दुआशिवाय आली. मागितलं तर ते स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी मागितल्यासारखं वाटत होतं, उशिरा भरलेल्या हप्त्यासारखं. स्वयंपाकघरातून कैऱ्यांचा आंबट वास येत होता. हात तसेच खाली घेतले आणि फजरची, पहाटेच्या नमाजची, वाट बघत बसले.

पुढच्या बुधवारी शाळा सुटल्यावर मी सरळ घाटावर गेले. मावशी पालाखाली बसल्या होत्या, ऊन उतरत होतं, कोथिंबीर मलूल झाली होती. मी वाकून नाही, खाली बसून बोलले. म्हटलं, "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही सांगितलं होतं ना रमजानमध्ये, दुवा मागा म्हणून. मी हो म्हटलं आणि विसरले. एकदासुद्धा मागितला नाही. तुमच्या कैऱ्या मी फुकट घेतल्या."

त्यांनी जुड्या लावायचं थांबवलं नाही. एक जुडी, दुसरी जुडी. मला वाटलं, दुखावल्या. मग तिसरी जुडी पाण्यात बुडवून झटकत म्हणाल्या, "मग आता मागा ना ताई. पोरगी अजून केवढीशी आहे. एक किलो आठशेच भरलीय."

मी बघतच राहिले. त्या पुढे म्हणाल्या, "अंगावर पीत नाही नीट. थकते लगेच."

"नाव काय ठेवलं तिचं?"

"बारसं कुठे केलंय अजून? चिमणी म्हणतो." आणि मग एकदम, "कैऱ्यांचं काय केलं? लोणचं घातलं?"

"तशाच आहेत टोपलीत."

"अगं बाई. सुरकुतल्या असतील. मुरांबा तरी करा, वाया घालवू नका." उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि पोत्याला धरून, दात आवळून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कांदेवाल्याने परत आरोळी मारली. आवाज आज पारच फाटला होता.

इशाची नमाज झाली. सलाम फेरला, ओढणी नीट केली, हात उचलले आणि चेहऱ्याजवळ आणले. या अल्लाह, तिला अजून नाव नाही, चिमणी म्हणतात. बुधवारी गाडगे महाराज पुलापाशी कोथिंबीर घेऊन बसतात, त्या मावशींची नात. एक किलो आठशे ग्रॅम झालीय. तिला दूध ओढायची ताकद दे. पिताना थकू देऊ नको. पावसाळ्याआधी तीन किलो होऊ दे. तिच्या आईला झोप मिळू दे. थोडी थांबले, काही राहिलं का ते आठवलं. मग मावशींच्या गुडघ्यांचं मागितलं. मग त्या कांदेवाल्याच्या घशाचं.